कानसेनने निवडलेला फोन

आमच्या खात्यातल्या लाइनमनच्या पट्ट्याला जो पिवळा टेस्ट फोन लटकतो, तो कोणी निवडला असं विचारलंत तर वरचे साहेब सांगतील, समितीने. कसली समिती आणि कसलं काय. समिती एकदा बसली, चहा प्यायली आणि उठली. तो फोन कानसेनने निवडला, माझ्या काउंटरवर, माझ्या पेनाने, आणि तेव्हा तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. म्हणजे सांगायचं झालं तर मलाच सांगावं लागणार. मला त्याची हौस नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी स्टोअरकीपर. टेलिफोन एक्स्चेंजच्या तळमजल्यावर, जिन्याखाली माझी खोली. लोखंडी रॅक, तारांची भेंडोळी, जुन्या फोनचे सांगाडे आणि मध्ये आडवं टाकलेलं लाकडी काउंटर. एका बाजूला प्लायवूडचं पार्टिशन, त्याच्यापलीकडे चार क्लार्क आणि दोन टाइपरायटर. पार्टिशन नावालाच. मी इकडे शिंकलो की तिकडून कोणीतरी विचारतं, सर्दी का? मला नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे 'स्टोअर' म्हणतात. बायकोसुद्धा चिडली की "काय हो स्टोअर" म्हणते.

कानसेन आमच्या बारा लाइनमनमधला सगळ्यात जुना. गाण्यातल्या दर्दी माणसाला कानसेन म्हणतात, पण याचं गाणं म्हणजे तारेतली खरखर. खांबावर चढायचा, पेटी उघडायचा, टेस्ट फोनचे दोन चिमटे तारेच्या जोडीला लावायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. मग वरूनच सांगायचा, "तिसऱ्या खांबापाशी पाणी शिरलंय." किंवा, "जोड सुटलाय, पण पुरता नाही. वारा आला की टेकतो." जाऊन बघावं तर तस्सं. बाकीचे ज्या कामाला अर्धा दिवस घालवायचे ते हा विडी संपायच्या आत उरकायचा. मी चिडवायचो, "घरी वहिनींचं एवढं ऐकत जा." तो म्हणायचा, "त्या लाइनवर नुसतं ऐकायची सोय आहे हो, बोलायचं बटणच दिलेलं नाही."

आम्ही बावीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला आणि बावीस वर्षं एकमेकांना अहो-जाहो करत राहिलो. का, ते दोघांनाही माहीत नाही. पहिल्या दिवशी तोंडात बसलं ते बसलं.

हे बटणाचं जरा समजून घ्या, पुढे लागेल. टेस्ट फोन म्हणजे साध्या फोनचा नुसता रिसीव्हर. पाठीवर नंबर फिरवायची सोय, शेपटीला वायर, वायरला दोन चिमटे. बाजूला एक बटण. इकडे केलं की फक्त ऐकायचं, तिकडे केलं की बोलायचं. लाइनमनचा पहिला धडा हाच, की आधी ऐकायचं. लाइनवर कोणी बोलत असेल तर चिमटे काढून गप्प बसायचं. आणि आपण बोलत असताना घरातल्या माणसाने फोन उचलला तर तिथल्या तिथे लाइनवरून उतरायचं, वाक्य अर्धं राहिलं तरी. लाइन त्यांची, आपण उपरे. हा धडा बाकीच्या अकराही जणांना कानसेनने दिलेला, आणि चुकले तेव्हा वयाचा मुलाहिजा न ठेवता झापलेलं.

तर या माणसाचे कान गेले.

एका दिवसात नाही गेले. आधी त्याचा आवाज चढला. "मीठ द्या" एवढं म्हणायचं असेल तरी पार्टिशनपलीकडचे चारही क्लार्क दचकायचे. मग एकदा काउंटरवरचा फोन वाजतोय, हा हातभर अंतरावर बसलाय आणि मान वर नाही. मला वाटलं, तंद्री लागली असेल. माणसाला वाटायला काय, काहीही वाटतं. मग वार्षिक तपासणी आली.

आमची कानाची तपासणी म्हणजे डॉक्टर माणसाच्या पाठीमागे दहा पावलांवर उभे राहतात आणि हळू आवाजात आकडे म्हणतात. माणसाने ते परत म्हणायचे. त्या वर्षी रांगेत त्याच्यापुढचा माझा नंबर उरकला होता आणि मी शर्टाची बटणं लावत नेमका त्याच्या समोर उभा होतो. डॉक्टर म्हणाले, सात. कानसेन काहीच बोलला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. विजेच्या तारांखाली बिनधास्त उभा राहणारा माणूस, पण त्या क्षणी त्याची पाचावर धारण बसली होती. मी दोन्ही हात पोटावर घेतले आणि सात बोटं उघडी ठेवली. "सात," तो म्हणाला. मग चार. मग नऊ. मग दोन. डॉक्टरांनी कागदावर बरोबरची खूण केली.

नंतर बॅटरीच्या खोलीमागे त्याने मला गाठलं. "डावा पुरता गेलाय," म्हणाला. "उजवा जातोय." खात्याचा नियम असा, की ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला लाइनवर पाठवायचं नाही. त्याला रेकॉर्डच्या खोलीत बसवायचं. रेकॉर्डची खोली म्हणजे तळघर. खिडकी नाही, दिवसभर एक ट्यूबलाइट, आणि कोणी मागायला येत नाही अशा फायली. तिथे बसवलेला आधीचा माणूस वर्षभरात स्वतःशी बोलायला लागला होता.

"निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय," कानसेन म्हणाला. "माझा जुना काळा फोन मोठ्याने बोलतो. त्याच्यावर माझं भागतं. खांबावर असलो की मी आहे तसाच आहे हो. तेवढं दीड वर्ष काढू द्या. तळघरात घातलं तर मी संपलो."

"वहिनींना माहीत आहे?"

"तिलाच आधी कळलं. आता काही सांगायचं असलं की हाताला धरून समोर येते."

मी म्हटलं, माझ्याकडून कोणाला कळणार नाही. आणि नाही कळलं. मूग गिळून बसण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

त्याच वर्षी काळ्या फोनांवर संक्रांत आली. त्यांचे भाग बनायचे बंद झाले. वरून पत्र आलं, की सगळे जुने टेस्ट फोन जमा करा आणि सोबत पाठवलेल्या तीन नमुन्यांपैकी एक निवडून कळवा. पडला, भिजला, ओढला तरी टिकणारा हवा, कारण पुढची दहा वर्षं हाच. आमचे साहेब समितीत म्हणाले, "त्यात काय, कानसेनला द्या. त्याच्या कानावर माझा डोळे मिटून विश्वास आहे." मी रॅककडे बघत राहिलो.

नमुने तीन: एक लाल, एक पिवळा, एक करडा. कानसेनने चाचणी घ्यायला सुरुवात केली ती त्याच्या पद्धतीने. कंपनीच्या माहितीपत्रकाची त्याने पुडी बांधली आणि तिन्ही फोन घेऊन अंगणातल्या सरावाच्या खांबावर चढला. खाली फरशी. वरून फोन सोडायचा, माणसाच्या हातून निसटतो तसा, फेकायचा नाही. लाल फोन पहिल्याच फेरीत कामातून गेला. त्याची बटणं चहूकडे उडाली; एक तर मला दोन महिन्यांनी रॅकखाली सापडलं. उरले दोन.

पिवळा म्हणजे दगड. त्याला कुठे फट नाही, भोक नाही, सगळीकडून बंद. तीनदा टाकला, गाडीच्या मागे दोरीला बांधून अंगणभर फरफटवला, तासभर बादलीत बुडवून ठेवला. पुसला, चिमटे लावले, चालू. हातमोजे घातलेल्या हातानेही बटणं दाबता येत होती. पण त्याचा आवाज ठरलेला होता, कमी-जास्त करायची सोय नव्हती. मला छान ऐकू येत होतं. कानसेनने तो कानाला लावला, दाबून लावला, कान बदलला आणि खाली ठेवला.

करड्याला बाजूला एक चाक होतं. ते फिरवलं की आवाज वाढायचा, एवढा की मला काउंटरच्या अलीकडे ऐकू यायचं. कानसेनचा चेहरा खुलला. कित्येक महिन्यांनी मी त्याला तसं पाहिलं. "हा बघा," म्हणाला, "हा कसा माणसात आल्यासारखा बोलतो." पण करडा बादलीतून काढला तर चाकाच्या फटीतून पाणी गळत होतं, आणि दुसऱ्यांदा पडल्यावर कानाकडच्या बाजूला बारीक तडा गेला. टेलिफोनच्या तारेला कुठे विजेची तार टेकलेली असेल आणि कानाशी ओला, तडकलेला फोन असेल तर काय होतं, हे लाइनमनला शिकवावं लागत नाही. आमच्या एकाचा हात तसाच कायमचा वाकडा झालेला. कानसेननेच त्याला खांबावरून उतरवलं होतं.

"बादलीचं काय लिहिणार?" त्याने मला विचारलं. अहवाल मी लिहायचा आणि सही त्याने करायची असं ठरलं होतं.

"पाणी शिरलं, तेच."

"किंचित ओल लिहा."

मी पेन खाली ठेवलं.

"पाऊस काय रोज पडतो?" तो म्हणाला. "आणि पोरं काय मुद्दाम फोन पाडत बसणार आहेत? दीड वर्ष, स्टोअर. मी गेलो की लिहा हा फोन बाद म्हणून, दुसरा मागवा." हे सगळं तो मोठ्याने बोलत होता, आणि मी डोळ्यांनी पार्टिशन दाखवत होतो. शेवटी मी 'किंचित ओल' लिहिलं. पेन्सिलने लिहिलं. पेन्सिलने लिहिलं म्हणजे अजून काही लिहिलंच नाही, अशी मी माझी समजूत घातली.

राहिली आवाजाची चाचणी. त्यासाठी मी पन्नास आकड्यांची उलटसुलट यादी केली होती. कानसेनने खांबावरून स्टोअरला फोन लावायचा, मी आकडे वाचायचे, त्याने ऐकू येईल तसे कागदावर लिहायचे, नाही आला तर रेघ मारायची. करड्यावर त्याने पन्नासांतले अठ्ठेचाळीस बरोबर लिहिले. पिवळा बाकी होता.

त्या सकाळी तक्रार आली. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीतला फोन कालपासून मुका. घरात आजारी माणूस आहे, लवकर या. गल्ली दुसऱ्याच्या हद्दीतली होती आणि तो माणूस रजेवर होता. दुसरा कोणी असता तर उद्यावर ढकलून मोकळा झाला असता. कानसेन म्हणाला, "आजारी माणूस आहे म्हणतात, आधी तिथे जातो. तिथूनच पिवळ्याचीही परीक्षा उरकू." त्याची हीच तर खोड. कोणाच्या घरी आजारी माणूस आहे म्हटलं की याला चपला सापडायच्या नाहीत, एवढी घाई.

साडेअकराला माझा फोन वाजला. "स्टोअर, लाइन दुरुस्त झाली. दोन जोड गंजले होते. आता आकडे म्हणा."

मी यादी पुढे ओढली आणि वाचायला लागलो. बेचाळीस. आठ. एकोणसत्तर. सावकाश, प्रत्येक आकड्यानंतर थांबून. तिसाव्या आकड्यापर्यंत पोहोचलो असेन, तेवढ्यात लाइनवर खट् आवाज झाला आणि एक बाई बोलायला लागली.

"हॅलो? कोण बोलतंय? अहो, लाइन सोडा ना. मला डॉक्टरांना फोन लावायचाय."

मी थांबलो. त्या घरातल्या बाईने फोन चालू झाला का बघायला, किंवा खरंच डॉक्टरांसाठी, रिसीव्हर उचलला होता. आता कानसेन उतरेल, म्हणून मी वाट पाहिली. तो म्हणाला, "थांबू नका. पुढचा म्हणा."

"उतरा," मी म्हटलं. "घरातल्या बाई लाइनवर आहेत. उतरा."

"काय? काही कळत नाही. काय भिकार फोन आहे. आकडा म्हणा, आकडा."

"बाबांना श्वास घेता येत नाहीये," बाई म्हणत होती. "तुम्ही जे कोणी आहात ते, पाया पडते, फोन ठेवा."

मी ओरडलो. पार्टिशनपलीकडचे टाइपरायटर थांबले. कानसेन शांतपणे म्हणाला, "एकतीस, रेघ. ऐकू आला नाही. पुढचा?"

मी फोन ठेवून दिला. पण टेलिफोनचं शास्त्र असं आहे, निदान आमच्या त्या जुन्या एक्स्चेंजचं तसं होतं, की ज्याने फोन लावला त्याने ठेवल्याशिवाय लाइन सुटत नाही. मी ठेवला तरी तो वर हॅलो हॅलो करत लाइन धरून बसलेला. त्याला वाटलं, फोन तुटला. त्याने बटण दाबून परत नंबर फिरवला आणि माझा फोन पुन्हा वाजला. उचलला तर लाइन अडणार, आणि नाही उचलला तरी, तो वाजत असेपर्यंत, अडलेलीच. मी त्या फोनसमोर उभा होतो. बावीस वर्षं त्या खात्यात घालवून मला काय करायचं ते सुचत नव्हतं. उचलला. बाई रडत होती. शब्द नव्हते, नुसतं रडणं होतं. "हां, लागला," कानसेन म्हणाला. "बत्तीसपासून घ्या." मी परत ठेवला. परत वाजला. यावेळी मी हात लावला नाही. तो वाजत राहिला, वाजत राहिला, आणि मग थांबला.

सगळं मिळून सहा-सात मिनिटं झाली असतील.

दुपारी कानसेन आला तो खुशीत. कागद माझ्यापुढे टाकला. "पन्नासांत चौदा. आता कोण घेतो पिवळा बघू. आणि तुम्ही मध्येच फोन का ठेवत होता?"

सांगायला हवं होतं. माझ्या तोंडावर आलंही होतं. पण तो डबा उघडून बसला होता, आणि त्याला काही सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडायचं म्हणजे चार क्लार्कांना सांगायचं. मी हाताने 'लाइन तुटत होती' अशी खूण केली. म्हटलं, लागला असेल नंतर त्यांचा फोन. आले असतील डॉक्टर. आणि हा गेला नसता तर त्यांचा फोन तसाही बंदच असता. हे शेवटचं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की मला ते पाठ झालं.

अकरा दिवसांनी अहवालावर सही व्हायची होती. कानसेन माझ्या काउंटरपाशी स्टुलावर बसून वायरचं भेंडोळं गुंडाळत होता. दारात एक बाई आली. तिशीची असेल, हातात अर्ज. फोन दुसऱ्याच्या नावावर करायचा असला की घरातल्या फोनचा क्रमांक माझ्या वहीशी ताडून पाहावा लागतो, म्हणून तक्रार खिडकीवाले लोकांना माझ्याकडे पाठवतात. मी अर्ज घेतला. आधी पत्ता वाचला. पाण्याच्या टाकीमागची गल्ली. मग वरचं वाचलं. वडील वारले, फोन आईच्या नावावर करावा. वारल्याची तारीख तीच होती.

"सही इथे करा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिने मान वर केली. "तुम्ही आकडे म्हणत होतात का?" तिने विचारलं. "त्या दिवशी, फोनवर?"

"नाही," मी म्हटलं.

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात झटपट दिलेलं उत्तर असेल.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सांगायला लागली, तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगायचं म्हणून. दोन माणसं लाइनवर होती. एकाने तिचं ऐकलं असावं, कारण तो मध्येच गेला. दुसरा हटेना. तिने शेजारी धाव घेतली, तर कुलूप. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन लावला. डॉक्टर आले तेव्हा झालं होतं. "डॉक्टर म्हणतात, आधी येऊनही काय झालं असतं ते सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण आईला ते पटत नाही."

कानसेनला एवढंच दिसलं, की एक बाई उभी आहे आणि तिचा चेहरा उतरलाय. तो उठला, स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि त्याच्या त्या चढ्या आवाजात म्हणाला, "बसा ताई. पाणी देऊ का?"

तिच्या हातातलं पेन थांबलं. माझ्या आवाजाबद्दल तिला शंका होती; हा आवाज तिने ओळखला. ती त्याच्याकडे वळली. "मी तुम्हाला सांगत होते," ती हळूच म्हणाली. "लाइन सोडा म्हणून किती वेळा सांगितलं मी तुम्हाला."

कानसेन हसला, त्याच्या नेहमीच्या भल्या हसण्याने. "हो, हो," म्हणाला. "होईल काम. दोन दिवसांत होईल, काळजी करू नका."

ती त्याच्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "यांना ऐकू येत नाही का?"

नाही येत, अशी मी मान हलवली. तिने सही केली, पोचपावती घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि गेली. बसली नाही. पाणीही घेतलं नाही.

"काय म्हणत होत्या?" कानसेनने विचारलं.

ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी त्याचा तो आकड्यांचा कागद घेतला, चौदा बरोबर आणि बाकी रेघा असलेला, आणि त्याच्या मागच्या बाजूला लिहिलं. पाच-सहा ओळी. त्याने चष्मा लावून वाचलं. कागद उलटा करून रेघा पाहिल्या. परत उलटा करून वाचलं. वायरचं भेंडोळं त्याच्या मांडीवरून घसरून खाली पडलं, ते त्याने उचललं नाही.

"तुम्हाला ऐकू आलं होतं," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"मग मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत? मी गेलो असतो त्यांच्याकडे. अकरा दिवस झाले. अकरा दिवस मी जेवतोय, झोपतोय." त्याने चष्मा काढला. "मी त्यांना आत्ता पाणी विचारलं हो."

मी खाली पडलेलं भेंडोळं उचलून काउंटरवर ठेवलं. 

त्याने अहवाल पुढे ओढला. माझ्या ड्रॉवरमधून खोडरबर काढलं आणि 'किंचित ओल' खोडलं. कागदावरचा चुरा फुंकरून बाजूला केला. मग माझं पेन घेतलं आणि त्या जागी लिहिलं, 'पाणी शिरते, तडा जातो, धोक्याचा.' खाली शेरा लिहायला तीन ओळींची जागा असते. त्याचं अक्षर मोठं, त्यामुळे जेमतेम बसलं: 'पिवळा घ्यावा. पडून, भिजून, फरफटून टिकतो. आवाज पुरेसा आहे. मला ऐकू आला नाही हा फोनचा दोष नाही. माझे दोन्ही कान गेलेले आहेत.' आणि सही.

मी हात पुढे करून कागद अडवला. त्याने माझा हात बाजूला केला, रागाने नाही. मग कमरेचा पट्टा सोडला आणि काळा फोन काउंटरवर ठेवला. "जमा करून घ्या. पावती द्या."

मी पावतीपुस्तक काढलं. पावतीवर वस्तूची स्थिती लिहावी लागते. मी 'चालू' लिहिलं.

त्याने पावती वाचली, खिशात घातली आणि दारापर्यंत गेला. तिथून वळला. आपण हळू बोलतोय असं त्याला वाटत असणार. त्याने आवाज दाबल्यासारखा चेहराही केला होता.

"तपासणीच्या वेळी तुम्ही मला बोटं दाखवलीत, ते काही मी लिहिलेलं नाही हो," तो म्हणाला. "तुमचं नाव कुठे घातलं नाही. निश्चिंत राहा."

पार्टिशनपलीकडे दोन्ही टाइपरायटर थांबले.

कानसेन जिन्याने तळघराकडे उतरत गेला, त्याच्या चपलांचा आवाज मला शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला. मग पलीकडे एक टाइपरायटर सुरू झाला, मग दुसरा. त्या दिवशी कोणी मला काही विचारलं नाही. नंतरही कधी, कोणीही, काहीही विचारलं नाही. मी शिंकलो तरी आता पलीकडून कोणी बोलत नाही.